भुसा आणि प्लास्टिक यांना जोडणारा तिसरा घटक

पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या दाण्यात लाकडाचा बारीक भुसा मिसळून डेकच्या फळ्या, मोटारींच्या दारांची आतली आवरणे अशा वस्तू बनवतात. भुसा स्वस्त असतो आणि त्याने प्लास्टिकला ताठपणाही येतो. पण नुसत्या मिश्रणाची फळी ताणली किंवा वाकवली, तर ती अपेक्षेपेक्षा फार लवकर मोडते. मोडलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कारण दिसते : लाकडाचे तंतू तुटलेले नसतात, ते प्लास्टिकमधून अख्खे उपसून निघालेले असतात आणि त्यांच्या जागी गुळगुळीत भोके राहिलेली असतात.

लाकडातील सेल्युलोजवर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांची गर्दी असल्याने ते पाणी धरते, तर केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्यांनी बनलेल्या पॉलिप्रॉपिलीनला पाण्याचे वावडे. त्यामुळे दोहोंत पकड बसत नाही, आणि भुशाचे कण आपापसांत चिकटून गठ्ठे करतात.

यावर मॅलेइक अनहायड्राइड हे रसायन साखळीला जोडलेले पॉलिप्रॉपिलीन पूरक म्हणून मिसळणे हा सर्वांत रुळलेला उपाय आहे. त्याचा अनहायड्राइड गट हायड्रॉक्सिलशी एस्टर नावाचा रासायनिक बंध करतो, आणि उरलेली लांब साखळी भोवतालच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये गुंतून राहते. गंमत अशी, की हे पूरक तयार करताना अनहायड्राइड साखळीला जोडण्यासाठी वापरलेले पेरॉक्साइड साखळ्या तोडतही जाते; म्हणून अनहायड्राइडचे प्रमाण वाढवत नेले, तर साखळ्या आखूड होतात आणि आखूड साखळ्या नीट गुंतत नाहीत. मात्राही एकूण वजनाच्या साधारण १ ते ५ टक्के एवढीच पुरते. तंतूंचा पृष्ठभाग व्यापल्यावर जादा पूरकाचा फारसा लाभ होत नाही.

कारखान्यात याहून साध्या गोष्टी घात करतात. भुसा नीट वाळवला नाही, तर एक्सट्रूडरमध्ये (मिश्रण वितळवून साच्यातून दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्रात) वाफ होऊन माल फुगतो. तापमान २०० अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर लाकूड करपू लागते. माल सुळसुळीत वाहावा म्हणून झिंक स्टिअरेट घातले, तर ते अनहायड्राइडच्या कामात अडथळा आणते आणि महागड्या पूरकाचा परिणाम बराचसा वाया जातो.

माहितीपत्रकात केवळ ताठपणाचा आकडा छापलेला असेल, तर माझ्या मते त्यावर विसंबू नये, कारण पकड नसतानाही ताठपणा वाढतोच; पकडीचा अंदाज येतो तो ताणशक्तीवरून, म्हणजे तुटण्याआधी वस्तू किती ताण सोसते त्यावरून.

प्रत्येक फिलरचे (प्लास्टिकमध्ये मिसळायच्या भरीच्या पदार्थाचे) गणित मात्र निराळे. कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांवर स्टिअरिक आम्लाचा लेप देतात, तो पकड वाढवण्यासाठी नव्हे, तर कण सुटे राहून सारखे पसरावेत म्हणून. काचतंतूंवर सिलेन या सिलिकॉनयुक्त जोडरसायनाचा थर असतो. पण पॉलिप्रॉपिलीनकडे सिलेनशी जुळणारा एकही गट नसल्याने तिथे सिलेनच्या जोडीला पुन्हा मॅलेइक अनहायड्राइडयुक्त पॉलिप्रॉपिलीनच घालावे लागते.