स्टेशनमास्तरच्या दगडी घराची बांधणी

बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ मध्ये सुरू झाली, भोर घाट १८६३ मध्ये पार झाला. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या स्थानकांवर मास्तरचे घर फलाटापासून हाकेच्या अंतरावर असे, कारण तार आली किंवा गाडी अवेळी आली की मास्तर लगेच कचेरीत लागे. त्यामुळे अशा घराचा व्हरांडा बऱ्याचदा रुळांच्या बाजूला आढळतो.

भिंती काळ्या दगडाच्या, दीड ते दोन फूट जाड. दोन्ही दर्शनी बाजूंना घडीव दगड आणि मध्ये चुन्यात बसवलेली खडीची भर. या दोन थरांना बांधणारे आरपार दगड ठरावीक अंतरावर घातले नाहीत, तर भर खचते आणि भिंतीला पोट येते. हलक्या दगडकामाची किंमत रेल्वेने मोठ्या कामात मोजली होती: भोर घाटातला दगडी पूल १८६७ मध्ये कोसळला आणि चौकशीत बांधकामातला कच्चेपणाच समोर आला.

छपरावर आधी देशी नळीची कौले. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, त्यानंतर एकमेकांत अडकणारी मंगळुरी कौले हळूहळू सगळीकडे पोचली. सपाट छताला मात्र रेल्वेने घरचाच माल वापरला. मार्गातून काढलेले झिजके रूळ तुळयांसारखे टाकायचे, त्यांच्यामध्ये विटांच्या बुटक्या कमानी वळवायच्या आणि वर चुन्याचा कोबा (ठोकून घट्ट केलेला थर) करायचा. हेच जॅक आर्चचे छत. कोब्यातून पाणी झिरपले की रूळ गंजतो, गंज फुगतो आणि कमानीच्या टोकाच्या विटा फुटतात. भिंतीत गेलेली रुळाची टोके सर्वांत आधी तपासावीत, कारण तिथला गंज बाहेरून दिसत नाही.

या घरांचे खरे नुकसान सिमेंटने केले आहे. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो. दरजांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, सिमेंट भरले की ओल आत कोंडते, भिंतीला लोणा (क्षाराचा पांढरा थर) लागतो आणि आतला गिलावा पोपडे धरून गळतो. दुरुस्ती करायची तर दरजा छिन्नीने इंचभर खोल खरवडाव्यात. यंत्राने दगडाच्या कडा उडतात. मग धूळ झाडून भिंत भिजवावी आणि भिजवून मुरवलेला चुना, सुरखी (विटांची पूड) आणि वाळू समप्रमाणात घेऊन दरजा दाबून भराव्यात. आठ-दहा दिवस त्यांवर गोणपाट ओले ठेवावे. भर उन्हात हे काम काढू नये, चुना वरवर सुकतो आणि आतून भुसभुशीत राहतो.