मुतालिकी

मूळ अधिकारी परमुलखात असताना त्याच्या नावाने व शिक्क्याने दुसऱ्याने कारभार पाहण्याची मराठेशाहीतील व्यवस्था. असा कारभारी तो मुतालिक. अष्टप्रधानांपैकी बहुतेकांना मोहिमेवर जावे लागे. मागे त्यांचे दप्तर मुतालिक सांभाळीत.

शब्दाचा उगम दोन तऱ्हांनी लावता येतो. अरबी ‘मुत्लक’ म्हणजे अनिर्बंध, तर ‘मुतअल्लिक’ म्हणजे संबंधित, आश्रित. मधले ‘ऐन’ हे अरबी अक्षर लोपले की मराठीत स्वर लांबतो. ‘तअल्लुक’पासून ‘तालुका’ झाला तो असाच. त्यामुळे दुसरा उगम अधिक ग्राह्य वाटतो, आणि मग नाशिक तालुका व मुतालिक ही एकाच धातूची भावंडे ठरतात. ‘मुत्लक’ हा शब्द ‘वकील-इ-मुत्लक’ (सर्वाधिकारी प्रतिनिधी) या पदात वेगळा टिकला. १७८४ मध्ये मोगल बादशहाने ते पद पेशव्यांना दिले; अंमल मात्र नायब म्हणून महादजी शिंद्यांचा.

अधिकार सोपवणे म्हणजे मुख्यतः शिक्का सोपवणे. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर मुद्रा व अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब, म्हणजे समाप्तीची मोहर, असे. मोर्तबेखाली कोणाला ओळ वाढवता येत नसे.

खुद्द छत्रपतीच दूर असण्याचा ठळक प्रसंग राजारामांचा. १६८९ च्या अखेरीस ते तमिळ मुलखातील जिंजीच्या किल्ल्यात पोचले आणि सुमारे आठ वर्षे तिकडे राहिले. देशावरचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे, ‘हुकूमतपनाह’ या किताबासह. गंमत अशी, की ‘प्रतिनिधी’ हे पद मात्र राजाच्या शेजारी, जिंजीतच निर्माण झाले. नाशिक तेव्हा गुलशनाबाद या नावाने मोगलांकडे होते.

माधवराव पेशव्यांच्या अल्पवयात रघुनाथरावांनी पाहिलेला कारभार हे पालकत्व. त्याला मुतालिकी म्हणू नये. पुढे नाशिकजवळच्या आनंदवल्लीस राहून त्यांनी फौज जमवली आणि १७६८ मध्ये धोडप किल्ल्याच्या पायथ्याशी पुतण्याकडून हार पत्करली.

अशी सोय आजही आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ६५(२) नुसार राष्ट्रपती अनुपस्थित वा आजारी असल्यास उपराष्ट्रपती त्यांची कामे पाहतात. जून १९६० मध्ये राजेंद्रप्रसाद सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर असताना राधाकृष्णन यांनी ती पाहिली. एरवी परदेश दौऱ्यासाठी कार्यभार सहसा सोपवला जात नाही.

नाशिककरांना सर्वांत जुना दाखला घरचाच आहे. राम पंचवटीत असताना भरत नंदिग्रामात पादुकांवर छत्र धरून, प्रत्येक काम आधी त्यांना निवेदन करून राज्य चालवीत होता. तेथे शिक्का नव्हता.