भूरूप नकाशे आणि भूमी-उपयोजन (कोल्हापूर)

उतार, खडक, माती आणि पाण्याची चाल यांच्या दृष्टीने एकसारखे वागणारे जमिनीचे तुकडे वेगळे करून, त्यांच्या घडणीच्या कारणासह दाखविणाऱ्या नकाशाला भूरूप नकाशा म्हणतात. वस्ती, शेती, वन, खाणकाम, रस्ते यांसाठी जमीन ठरविताना तो आधारभूत मानला जातो. ‘भूरूप’ व ‘भूआकार’ हे दोन्ही शब्द मराठीत रूढ आहेत. येथे पहिला स्वीकारला आहे, कारण दुसऱ्यातून घडणीचा इतिहास सूचित होत नाही.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा, याबद्दल एकमत नाही. रे बोर्न यांनी १९३१ मध्ये वनसर्वेक्षणासाठी मांडलेल्या स्थल-एककांत (एकसारख्या गुणांच्या जमिनीच्या लहान तुकड्यांत) तिचे बीज आहे, असे एक मत. दुसरे मत तिचा आरंभ ऑस्ट्रेलियात पाहते : तेथे १९४६ मध्ये कॅथरीन-डार्विन प्रदेशाचे सर्वेक्षण झाले आणि क्रिश्चन व स्ट्यूअर्ट यांनी ‘भूप्रणाली’ (भूरूप, माती व वनस्पती यांची ठरावीक मांडणी पुन्हा पुन्हा आढळणारा प्रदेश) ही संकल्पना रुजविली. सु. १९५० नंतर पोलंडमध्ये क्लिमाशेव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी भूरूपांचे वय व उत्पत्ती दाखविणारे तपशीलवार नकाशे केले. ऑस्ट्रेलियन पद्धत कमी वेळात मोठा प्रदेश उरकते. पोलिश पद्धत सावकाश चालते, पण एखादा तुकडा पुढे कसा वागेल याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. कोल्हापूरसारख्या पूरप्रवण मुलखास पोलिश पद्धत अधिक उपयोगी वाटते. जमिनीची क्षमता आठ वर्गांत मांडणारी अमेरिकन पद्धत (१९६१) आणि अन्न व कृषी संघटनेची भूमी-मूल्यमापन चौकट (१९७६) या त्यानंतरच्या. भारतात अखिल भारतीय मृदा व भूमी-उपयोग सर्वेक्षण (१९५८) आणि नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी-उपयोग नियोजन ब्यूरो (१९७६) यांनी हे काम पुढे नेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांनी उपग्रहप्रतिमांवरून केलेली १ : ५०,००० प्रमाणाची भूरूप नकाशामालिका उत्पत्तीनुसार वर्गीकरण करते.

कोल्हापूर शहर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकनानुसार ४७ एल/२ व ४७ एल/६ या दोन नकाशा-पत्रकांच्या सांध्यावर येते. घाटमाथ्याचा बराच भाग ४७ एच मध्ये, तर चंदगड ४८ आय मध्ये पडतो. जिल्ह्याची पाहणी करणाऱ्यास पत्रके जोडूनच काम करावे लागते.

जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्खनच्या काळ्या पाषाणाचा असून दक्षिणेस त्याहून जुन्या कलादगी मालेचे गाळाचे खडक उघडे पडतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे सडे (डोंगरमाथ्यावरील खडकाळ पठारे), डोंगरउतार, माळ आणि नदीकाठची मळी (गाळाची सपाट जमीन) असे पट्टे ओळखता येतात. गगनबावड्यास वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर शिरोळास सु. ५०० मिमी.; त्यामुळे एकाच नावाचे भूरूप दोन टोकांना वेगळे वागते.

पन्हाळा, मसाई पठार व राधानगरी-शाहूवाडीकडील सडे यांच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे. या खडकाचे ‘लॅटेराइट’ हे इंग्रजी नाव सर्वेक्षक बुकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारच्या वर्णनात वापरले. सड्यांवरील जांभा जागच्या जागी पाषाण कुजून झाला आणि आजची पठारे म्हणजे एका जुन्या सलग पृष्ठाचे तुटलेले अवशेष, हे मत दीर्घकाळ प्रचलित आहे. भूवैज्ञानिक ऑलियर व शेठ यांनी २००८ मध्ये याला आक्षेप घेतला : लोहयुक्त थर पूर्वी दऱ्यांच्या तळाशी घट्ट झाले, भोवतीचा मऊ भाग झिजला आणि तळ माथा बनला. वाद मिटलेला नाही. नियोजनाच्या दृष्टीने मात्र तो केवळ पुस्तकी नाही. जांभ्यातून मुरलेले पाणी त्याखालच्या चिकण थरावर अडून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. दुसरे मत ग्राह्य धरल्यास झरे जुन्या दरीच्या दिशेने अधिक असावेत, असा तर्क करता येतो. सड्यावर नांगर चालत नाही म्हणून त्याला पडीक समजण्याची सवय आहे. ती घातक होय. खालच्या वाड्या व धनगरवाडे याच पाण्यावर जगतात. बॉक्साइटच्या खाणीस जागा ठरविताना झऱ्यांची रेषा आधी आखली पाहिजे. टोपीच्या कडेखालचे तीव्र उतार वस्ती व रस्त्यांस धोक्याचे. २०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा रस्ता खचला.

भूरूप नकाशाचा खरा कस पंचगंगेच्या काठी लागतो. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती (आणि परंपरेनुसार गुप्त सरस्वती) यांचा संगम प्रयाग चिखलीस होतो. तेथून नरसोबावाडीस कृष्णेला मिळेपर्यंत नदी मंद उताराने वाहते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ व २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. म्हणजे धोका पातळी व महापूर यांतील अंतर सु. ४ मी. १ : ५०,००० पत्रकावर समोच्च रेषा २० मी. अंतराने असतात; शहराच्या सुखदुःखाचा सारा हिशेब दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत मावतो. ती जागा भूरूपांनीच भरावी लागते : काठाची उंच पट्टी, तिच्यामागचा सखल भाग, जुन्या पात्राची खूण, नाल्याचे मुख. जयंती नाल्यातून फुगवट्याचे पाणी उलटे चढून शाहूपुरीत शिरते. ब्रह्मपुरी टेकाडावर मात्र सातवाहनकालीन वस्ती होती, हे १९४५-४६ च्या उत्खननातून दिसले.

पाटबंधारे खात्याची निळी रेषा २५ वर्षांतून व लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर बेतलेली असते. हा हिशेब मागील नोंदींवर चालतो. भराव घालून नदीकाठची जागा अडली की तो बदलतो. मळी कोठपर्यंत, हे गाळ सांगतो आणि गाळाची साक्ष नोंदवहीहून जुनी आहे. त्यामुळे पूररेषा भूरूप-सीमेशी ताडून घेणे इष्ट. स्थलनामांचाही आधार घ्यावा : रमण मळा, दुधाळी, चिखली (हे नाव चिखलावरून आले असावे). पुरात बुडणाऱ्या चिखली व आंबेवाडीस पुनर्वसनासाठी सोनतळीच्या उंच माळावर जागा मिळाली, तरी शेती व जनावरे मळीवर राहिल्याने मूळ गावे पूर्ण उठली नाहीत.

पूर्वेस शिरोळकडे सपाट, खोल काळी जमीन आहे. उसाला पाणी अति झाल्याने बरीच रानं क्षारपड झाली. सच्छिद्र पाइप पुरून निचरा करता येतो. मात्र त्या पाण्यास पडायला खालचा ओढा लागतो आणि तो बुजवला गेला असल्यास जुन्या नकाशावरच सापडतो.