ओल्गा लादिझेन्स्काया आणि अडलेली तिसरी मिती

पाणी, हवा, तेल कसे वाहते हे सांगणारी नेव्हिए-स्टोक्स समीकरणे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झाली. ती आंशिक अवकल समीकरणे आहेत, म्हणजे एखादी गोष्ट जागेनुसार आणि काळानुसार कशी बदलते यांतले नाते मांडणारी. विमानाच्या पंखापासून हवामानाच्या अंदाजापर्यंत त्यांचा रोज वापर होतो. तरी सुरळीत, म्हणजे कुठेही वेग अमर्याद न होता, सुरू झालेला प्रवाह पुढे कायम सुरळीतच राहतो का, हे कुणाला सिद्ध करता आलेले नाही. क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटने २००० साली त्यासाठी लावलेले दहा लाख डॉलरचे बक्षीस अजून तसेच पडून आहे. मात्र बक्षीस आहे ते त्रिमितीतल्या प्रश्नाला. द्विमितीतला प्रश्न त्याआधीच सुटला होता, आणि त्यात मोठा वाटा लेनिनग्राडच्या (आजचे सेंट पीटर्सबर्ग) गणितज्ञ ओल्गा लादिझेन्स्काया यांचा.

त्यांचा जन्म १९२२ मध्ये रशियातल्या कोलोग्रिव्ह या छोट्या गावात झाला. वडील शाळेत गणित शिकवत आणि घरी मुलींनाही. १९३७ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी वडिलांना उचलले आणि गोळ्या घातल्या. ‘लोकशत्रू’ची मुलगी म्हणून ओल्गांना १९३९ मध्ये लेनिनग्राड विद्यापीठाने प्रवेश नाकारला. शिक्षक प्रशिक्षण संस्थेत त्या शिकू लागल्या, तोवर युद्ध आले. मग गावी परतून मुलांना गणित शिकवणे, आणि १९४३ मध्ये अखेर मॉस्को विद्यापीठ. तिथे गणितज्ञ पेत्रोव्स्कींचे मार्गदर्शन मिळाले, गणितज्ञ गेलफांद यांचे सेमिनार मिळाले. १९४७ नंतर लेनिनग्राड हेच त्यांचे शहर झाले. वडिलांना निर्दोष ठरवले गेले ते १९५६ मध्ये.

गणिताची बाजू फ्रान्समध्ये सुरू होते. १९३४ मध्ये फ्रेंच गणितज्ञ जाँ लरे यांनी त्रिमितीत या समीकरणांची एक प्रकारची उकल कायम अस्तित्वात असते हे दाखवले. पण ही ‘वीक सोल्यूशन’, म्हणजे समीकरण फक्त सरासरीच्या अर्थाने पाळणारी. ती एकच असते का, हे लरेंना सांगता आले नाही. सीमा नसलेल्या प्रतलावरचे द्विमितीय प्रवाह त्यांनी हाताळले होते; भिंतींनी बंदिस्त प्रवाह राहिले होते.

लादिझेन्स्काया यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथे एक साधी दिसणारी असमानता आणली, म्हणजे एक राशी दुसरीपेक्षा मोठी होऊ शकत नाही असे सांगणारे गणिती विधान. बाहेरून बळ लावले नाही तर प्रवाहाची ऊर्जा वाढत नाही आणि चिकटपणामुळे ती झिजते. यातून दोन गोष्टी हाती लागतात: एकूण ऊर्जेला मर्यादा आहे, आणि वेगातल्या चढ-उताराच्या (वेग जागोजागी किती झपाट्याने बदलतो त्याच्या) वर्गाची काळभरची बेरीजही मर्यादित आहे. याहून जास्त काही शिल्लक खात्यात नाही. अडचण समीकरणातल्या अरैखिक पदाची, म्हणजे वेग स्वतःलाच वाहून नेतो त्या पदाची. ते आवरायला वेगाच्या चौथ्या घातावर पकड हवी. द्विमितीत असमानता सांगते की हे चार घात दोन-दोन असे वाटता येतात: दोन ऊर्जेकडे, दोन चढ-उताराकडे. दोन्ही खात्यात आहेतच, हिशोब जुळतो. त्रिमितीत तीच वाटणी एक आणि तीन अशी होते. चढ-उताराच्या तिसऱ्या घाताला पुरेल एवढे खात्यात नाही. माझ्या मते अख्ख्या बक्षिसाच्या प्रश्नाची नस याच एका आकड्याच्या फरकात सापडते.

याच काळात, १९५८ मध्ये, फील्ड्‌स या गणितातल्या सर्वोच्च मानाच्या पदकासाठी त्यांच्या नावाचा गंभीर विचार झाला होता. पदके रोथ आणि थॉम यांना मिळाली. पहिल्या स्त्री गणितज्ञाला ते मिळायला २०१४ उजाडले.

गणितज्ञ नीना उराल्त्सेवा यांच्यासोबत त्यांनी हिल्बर्टच्या प्रसिद्ध प्रश्नयादीतल्या एकोणिसाव्या प्रश्नातून निघालेल्या एलिप्टिक समीकरणांवरही (स्थिर अवस्था सांगणाऱ्या समीकरणांवर) खोल काम केले. आणि फायनाइट एलिमेंट, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे पाडून संगणकावर गणित सोडवण्याची पद्धत, वापरणारे इंजिनियर उत्तर भरवशाचे यावे म्हणून जी अट पाळतात आणि जिला सहजपणे ‘एलबीबी कंडिशन’ म्हणतात, त्यातला ‘एल’ म्हणजे लादिझेन्स्काया. हे बहुधा त्यांच्यातल्या अनेकांच्या गावीही नसते.

पुढे त्यांची शंका समीकरणांवरच गेली. १९६६ मध्ये मॉस्कोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणितज्ञ अधिवेशनात त्यांनी बदललेली समीकरणे मांडली. त्यात वेगातला फरक वाढला की चिकटपणाही वाढतो, आणि मग त्रिमितीतही एकमेव उकल मिळते. लरेंच्या उकलींचा वर्ग फार ऐसपैस आहे, तिथे एकाहून जास्त उकली निघू शकतील, असे त्यांचे मत होते. ते पूर्णपणे पटवणारा पुरावा त्यांच्या हयातीत आला नाही. २००४ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये अल्ब्रिटन, ब्रुए आणि कोलोम्बो या गणितज्ञांनी खास निवडलेले बाह्य बळ लावून दाखवले, की स्तब्ध द्रवापासून सुरुवात करूनही लरे पद्धतीच्या दोन वेगवेगळ्या उकली निघू शकतात. बळ नसताना काय होते, हा प्रश्न तेव्हा तरी अनुत्तरितच राहिला.