मुंबई–लंडन : अंतर तेवढंच, वाट मात्र बदलती

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे हिशेबाने आठ तास. वेळापत्रकात मात्र लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास दिसतात. काही वेळ पश्चिमेकडून येणारा वारा खातो, काही राजकारण. आणि राजकारण या मार्गाच्या पाचवीलाच पुजलेलं आहे.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीपर्यंत सेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा. त्यात स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत विमान, तिथून इटलीतल्या जिनोव्हापर्यंत चक्क आगगाडी, मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया आणि पुढे पुन्हा साधं विमान! आगगाडी कशासाठी, तर इटलीत उडत शिरायला मुभा नव्हती. पुढे इराणनेही आपल्या किनाऱ्यावरून जाऊ देणं थांबवलं आणि १९३२ मध्ये मार्ग आखाताच्या अरबी बाजूला, शारजावरून वळवावा लागला.

मुंबई या साखळीत आली तीही त्याच वर्षी. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचं छोटं पुस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले. सोबत प्रवासी नव्हते, लंडनहून आलेल्या टपालाच्या थैल्या होत्या. वाटेत अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून टाकी भरली, आणि दुपारी विमान जुहूला उतरलं.

मुंबईहून थेट लंडनचं तिकीट काढून आपल्याच कंपनीच्या विमानात बसायला १९४८ उजाडलं. ८ जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोहोचलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं. खरी झेप तीच. त्यानंतर मधले थांबे गेले, विमानं मोठी झाली, पण वेग जवळपास तिथेच अडकला.

पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर तो कराचीजवळून बलुचिस्तान, पूर्व इराण, कॅस्पियनचं दक्षिण टोक, काळा समुद्र आणि युक्रेनचा दक्षिण भाग असा जातो. यातलं युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. त्यामुळे एकाच दिवशी याच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या भारतीय आणि ब्रिटिश कंपनीच्या विमानांचा मार्ग सारखा असेलच असं नाही.

परतीला तोच वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ थोडा वाचतो. तिकिटावरच्या वेळा मात्र त्या त्या शहराच्या असतात. मुंबईचं घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे, तिकडच्या उन्हाळ्यात साडेचार. लंडनला जाताना तो फरक मिळवल्याशिवाय आणि परतताना वजा केल्याशिवाय प्रवासाचे खरे तास कळत नाहीत.