गणपतीसाठी ॲक्रिलिकची लाईट जोडताय? आधी हे वाचा

किट घेतलंत, आनंद वाटला. मालवणात आमचं छोटंसं वर्कशॉप आहे आणि प्रत्येक शीट आम्ही स्वतः कोरतो, त्यामुळे ती तुमच्या घरी नीट पेटावी असं मनापासून वाटतं.

यात गंमत अशी की एलईडी खाली पट्टीत असतात, प्रकाश शीटच्या खालच्या कडेतून आत शिरतो आणि आतल्या आत दोन्ही बाजूंवर आपटत वर जातो, बाहेर पडतच नाही, जिथे कोरलंय तिथेच फुटतो, म्हणून नुसता गणपती उजळलेला दिसतो. पण मग ओरखडा पडला तर तोही तसाच चमकतो, म्हणून वरचा कागद अगदी शेवटपर्यंत काढू नका. खालची कड पॉलिश पेपरने घासा, आधी 400 नंबरचा, मग 800, मग 1200 पाणी लावून.

एलईडीचा लांब पाय प्लस. पांढऱ्या एलईडीला साधारण 3.2 व्होल्ट लागतात, मोबाईलचा चार्जर देतो 5, उरलेले 1.8 रेझिस्टरने (करंट आवरणाऱ्या छोट्या पार्टने) खायचे, 100 ओहम लावला की 18 मिलीअँपिअर करंट जातो, बस झालं. सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावू नका हां, प्रत्येकाला वेगळा, नाहीतर एक भगभगीत आणि दुसरा मिणमिणता असं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपला खारा वारा. गेल्या पावसात आमच्याच काउंटरवरची लाईट लुकलुकायला लागली, उघडून बघितलं तर एलईडी ठणठणीत पण सोल्डरचे जोड हिरवे पडलेले आणि एक वायर तर हात लावल्याबरोबर सुटून आली. तेव्हापासून आम्ही सोल्डरिंग झालं की जोड स्पिरिटने पुसतो, सुकले की वर बिनरंगाच्या नेलपॉलिशचे दोन हात देतो. तुम्हीही द्या, कंटाळा करू नका. मात्र हे सगळं शीट बसवायच्या आधी, कारण स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश यातलं काहीही ॲक्रिलिकला लागलं तर बारीक तडे पडतात आणि ते मग कधीच निघत नाहीत. शीट पुसायची ती साबणाच्या पाण्याने, मऊ फडक्याने.

घरची वीज गेली तर ही लाईट पॉवरबँकवर चालते, फक्त काही पॉवरबँक इतक्या कमी करंटला आपोआप बंद पडतात, तेव्हा माटवीखाली (गणपतीच्या डोक्यावर टांगतो त्या लाकडी चौकटीखाली) लावायच्या आधी घरात तासभर चालवून बघा. सोल्डरिंग जमत नसेल तर दुकानात घेऊन या, समोर बसून करून देऊ.