विमान उतरताना बाळ रडतं, ते आईला नाकारत नसतं

माझी भाची आणि तिचा नवरा शिकागोत राहतात. गेल्या डिसेंबरात दोघं मुंबईत आले, ते आपल्या मुलीला न्यायला. नोंदणी, घरभेटीचा अहवाल, दोन्ही देशांची कागदपत्रं, मग ‘कारा’ या दत्तकविधान पाहणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र, यात बराच काळ गेला होता. आंतरदेशीय दत्तकाबाबतचा 1993 चा हेग करार भारतानं 2003 मध्ये स्वीकारला. त्या करारानं आखून दिलेली ही वाट लांबची आहे, पण मुलांची पळवापळवी आणि खरेदी-विक्री होऊ नये म्हणून ती तशी आहे आणि मला ती योग्यच वाटते. तर 11 महिन्यांची ती पोर अखेर भाचीच्या कडेवर आली. पार्ल्याला आमच्याकडेच उतरले होते सगळे.

मध्ये एका कामासाठी तिघांना दिल्लीला जाऊन यावं लागलं. परतताना मुंबई जवळ आली आणि गाढ झोपलेलं बाळ दचकून उठलं ते किंचाळतच. अंगाची कमान करून मागे झोकून देत होती, बाटली हातानं ढकलत होती, भाचीच्या खांद्यावर डोकं टेकेना. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, “हिची आई कुठं बसलीय?” घरी आल्यावर नात्यातल्या एका आजींनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली आणि वर म्हणाल्या, “रक्ताची ओढ असते गं, वेळ लागायचाच.” भाची काही बोलली नाही. रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली तेव्हा म्हणाली, “मामा, तिला मी नकोच असेन तर?”

बोलता बोलता ती प्रवासाची पिशवी रिकामी करत होती. त्यातून पाण्याची एक रिकामी प्लास्टिकची बाटली निघाली, बूच घट्ट लावलेलं. बाटली दोन्ही बाजूंनी चेपून आत गेली होती, जणू कुणी मुठीत आवळली असावी. मी बूच फिरवलं. फुस्स आवाज झाला आणि बाटलीचं पोट टक्कन बाहेर आलं.

मी आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. दाब वाढला की हवेचं आकारमान त्याच प्रमाणात घटतं, हा बॉइलचा नियम फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही, पण तो इतक्या गरजेच्या वेळी कधी हाताशी आला नव्हता. तिला म्हटलं, तुझ्या लेकीच्या कानात हेच झालं होतं. फरक एवढाच की तिच्या कानाचं बूच तिला फिरवता येत नव्हतं.

विमान 35-36 हजार फुटांवर उडतं. तिथली हवा इतकी विरळ की माणूस जगणार नाही, म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरतात. पण जमिनीइतकी नाही. तेवढा दाब आत ठेवला तर विमानाच्या सांगाड्यावर फार ताण येईल. त्यामुळे केबिनमधला दाब साधारण 6 ते 8 हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवतात. आपलं कळसूबाई 5400 फूट. म्हणजे खिडकीशी चहा पीत बसलेला प्रवासी कळसूबाईच्या दीडपट उंचीवर बसलेला असू शकतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटर, 8 हजार फुटांवर सुमारे 565. विमान वर असताना बूच लावलेल्या बाटलीतली लिटरभर हवा सहार विमानतळावर उतरेपर्यंत पाऊण लिटर होते. बाटली चेपते ती त्यामुळे.

कानाच्या पडद्यामागेही अशीच एक हवेची खोली आहे, मध्यकर्ण. तिला एकच दार, कंठकर्णनलिका, जी मध्यकर्णापासून नाकाच्या मागे घशात उघडते. 16 व्या शतकातला इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी याच्या नावानं ती ओळखली जाते. तिला हे नाव दिलं वालसाल्वानं, 1704 च्या आपल्या कानावरच्या ग्रंथात. नाक दाबून, तोंड मिटून फुंकण्याची युक्ती ज्याच्या नावानं चालते तोच हा वालसाल्वा. मला शरीरातल्या सगळ्या नळ्यांमध्ये ही नळी सर्वांत लाडकी आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, ही नळी एरवी बंद असते. उघडी असती तर आपलाच श्वास आणि आवाज कानात घुमत राहिला असता. टाळू ताणणारा एक लहानसा स्नायू आहे. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा तो नळीची एक भिंत ओढतो आणि ती अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ उघडते. खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ‘टप्’ होऊन मोकळे होतात, ते या स्नायूचं काम. आणि हे फक्त घाटातच लागतं असंही नाही. मध्यकर्णाच्या अस्तरातून तिथला वायू सतत रक्तात शोषला जातो. रक्तात विरघळलेल्या वायूंचा एकूण दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे वायूंचा ओघ कानाकडून रक्ताकडेच राहतो. नायट्रोजन हळू जातो म्हणून हे सावकाश घडतं, इतकंच. तेव्हा घरी पाटावर बसलेल्या माणसाच्या कानातही दाब हळूहळू उतरत असतो आणि दर थोड्या वेळानं आवंढा तो भरून काढत असतो.

दुसरी गोष्ट, ही नळी दोन्ही दिशांना सारखी वागत नाही, आणि बाळाच्या रडण्याचं मूळ इथंच आहे. जुन्या सायकलच्या व्हॉल्ववर बारीक रबरी नळी चढवलेली असायची, ती आठवा. पंपाची हवा रबराखालून वाट काढत ट्यूबमध्ये जाते. उलट यायला गेली तर त्याच हवेच्या दाबानं रबर भोकावर घट्ट बसतं. कंठकर्णनलिकेचं घशाकडचं टोक असंच मऊ आहे. विमान वर चढतं तेव्हा केबिनचा दाब कमी होतो, कानातली हवा फुगते आणि पाऱ्याच्या साधारण 15 मिलिमीटरचा फरक पडला की ती नळीतून आपोआप बाहेर सुटते. गिळायचीही गरज नसते. उतरताना उलटं. बाहेरचा दाब वाढत जातो आणि नळीच्या मऊ तोंडाला दाबून मिटवतो. आता हवा आपोआप आत जाणार नाही, स्नायूनं दार ओढूनच उघडायला हवं. आणि स्नायूच्या ताकदीला मर्यादा आहे. फरक 90 मिलिमीटरच्या आसपास गेला की प्रौढ माणसाच्या स्नायूलाही दार उघडत नाही. ते कुलूप लागल्यासारखं होतं.

आता हिशेब करू. 8 हजार फुटांपासून समुद्रसपाटीपर्यंत एकूण फरक 760 वजा 565, म्हणजे 195 मिलिमीटर. कुलूप लागतं 90 ला, म्हणजे पहिल्या चार हजार फुटांतच. केबिनची ‘उंची’ मिनिटाला साधारण 300-350 फुटांनी खाली आणतात. तेव्हा उतरणं सुरू झाल्यावर कुणी 11-13 मिनिटं एकदाही न गिळता राहिलं तर पुढे गिळूनही उपयोग होत नाही. त्या क्षणी पडद्यावर किती जोर असतो? 90 मिलिमीटर म्हणजे 12 हजार पास्कल. पडद्याचं क्षेत्रफळ 60 चौरस मिलिमीटर धरलं तर सुमारे 70 ग्रॅम. बाजारात एक चांगलं मोठं लिंबू घ्या. तेवढं वजन मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतक्या जाड पापुद्र्यावर. आणि जन्मतःच हा पडदा जवळजवळ मोठ्या माणसाच्या पडद्याएवढा असतो.

नळी मात्र लहान असते. मोठ्या माणसाची सुमारे 35 मिलिमीटर, बाळाची त्याच्या निम्मी. मोठ्यांची तिरकी उतरती, बाळाची जवळजवळ आडवी. तिची कूर्चा मऊ, स्नायू कच्चा, दर घोटाला ती उघडेलच असं नाही. त्यात बाळ झोपलेलं, आणि झोपेत गिळणं फारच कमी होतं. माझ्या भाचीची लेक दिल्लीहून येताना उतरण्याच्या बऱ्याच आधीपासून झोपली होती. बिचारीचं दार बंद झालं, आणि जाग आली तेव्हा कानात ते लिंबू होतं. ती आईला ढकलत नव्हती. दुखऱ्या कानाच्या माणसासमोर कुणीही काहीही धरलं तरी तो ढकलेल.

यावर आपल्याकडे जे उपाय सांगतात त्यांचं आता बघू. कानात कोमट तेल घालतात. ते पडद्याच्या बाहेरच्या बाजूला पडतं आणि नळी पडद्याच्या आत आहे, मध्ये भिंत. कापसाचा बोळा हवेचा दाब रोखत नाही, फार तर आवाज थोडा कमी करतो. दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या तडतडल्या तरी 195 चे 194 होत नाहीत. सर्वांत वाईट सल्ला म्हणजे बाळाला झोपेचं किंवा सर्दीचं औषध देऊन गुंगीत ठेवण्याचा. एवढ्या लहान जिवाच्या श्वासालाच त्यानं धोका, आणि वर गिळणंही बंद. हे कृपा करून कुणी करू नये. सर्दी झाली असेल, कान फुटला असेल तर प्रवासाआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

‘रक्ताच्या ओढी’बद्दलही बोललं पाहिजे, कारण त्या दोन शब्दांनी भाची रात्रभर जागी राहिली. ओढ असते, पण ती ऐकलेल्या आवाजाची, ओळखीच्या वासाची, रोजच्या हातांची असते. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. चीनमधून साधारण वर्षाच्या असताना दत्तक आलेल्या, फ्रेंच बोलत वाढलेल्या, चिनीचा एकही शब्द न समजणाऱ्या मुलींना चिनी भाषेतले सूर ऐकवले. त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद फ्रेंचच बोलत वाढलेल्या इतर मुलींसारखा नव्हता, चिनी येणाऱ्या मुलींसारखा होता. म्हणजे 11 महिन्यांचं बाळ बरंच काही सोबत घेऊन निघतं, आणि ते कानातून आत गेलेलं असतं. माझी भाची तिच्याशी पहिल्या दिवसापासून मराठीत बोलते, हे मला त्यामुळे फार मोलाचं वाटतं.

प्रश्न उरला तो घोटाचा. नव्या आईच्या हातून बाळ घोट घेईल का? यासाठी आम्ही बाळ जिथं होतं त्या संस्थेतल्या मावशींना जाऊन भेटलो, आणि खरी तयारी त्यांनी करून दिली. बाटलीचं निपल मोठ्या भोकाचं होतं, चार मिनिटांत दूध संपायचं. उतरायला लागतात 25 मिनिटं. मावशी म्हणाल्या, “बाटलीचं सोडा, ती नाचणीचं सत्त्व चमच्यानं छान खाते. चमचा तोंडात घालू नका. खालच्या ओठाला लावून थांबा. ती स्वतः तोंड उघडते.” भाचीनं तिथंच बसून दोन चमचे भरवले. तिसऱ्याला बाळानं जरा थांबून, तिच्याकडे बघत, तोंड उघडलं. मावशींनी तिचं रोजचं दुपटंही दिलं आणि बजावलं, धुऊ नका, वास जाईल.

मग मी भाचीला आणि तिच्या नवऱ्याला सांगितलं ते असं. विमान सुटताना भरवण्याची घाई करू नका. वर जाताना नळी आपली आपण सुटते, बाळाची भूक विमान उतरण्याच्या वेळेसाठी राखून ठेवा. चाकं बाहेर आल्यावर जागं करणं म्हणजे उशीर. इंजिनाचा आवाज मऊ झाला, नाक किंचित खाली झुकलं की तेव्हाच उठवा, झोपमोडीचं वाईट वाटून घेऊ नका. बसवून भरवा, आडवं नाही, कारण आडव्या नळीतून दूध कानाकडे जाऊ शकतं. एकेक चमचा, सावकाश, टेकेपर्यंत. रडलीच तर तेही चालेल, रडताना मुलं मध्येमध्ये आवंढा गिळतात. आणि वर असताना दुधाची बाटली उघडायची झाली तर आधी झाकण सैल करा, नाहीतर आत दबलेली हवा दूध उडवते. मुंबई आणि शिकागो यांच्यातल्या साडेअकरा तासांच्या फरकाचं काय करायचं, हे भाचीनं विचारलं होतं. त्यावर माझं उत्तर दोनच वाक्यांचं होतं. सकाळचं ऊन दाखवा. रोज तासाभरानं घड्याळ सरकेल.

मध्यरात्रीनंतरचं विमान. दुपट्यात गुंडाळलेली ती पोर सहारच्या काचेपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे होतो.

फ्रँकफर्टहून निरोप आला, “उठवलं. चिडली. 14 चमचे.” शिकागोला पोचल्यावर दुसरा आला, “22 चमचे, 2 जांभया, शेवटची पाच मिनिटं रडणं.” फोटो होता. नाचणी हनुवटीपासून स्वेटरपर्यंत, आणि भाचीच्या कुडत्याची कड मुठीत. विमानात रडताना धरली ती इमिग्रेशनच्या रांगेतही सोडली नव्हती.